कोंड्याच्या खोलीतलं स्टेशन

आत्या जिवंत आहे हे आम्हाला हवेतून कळलं. उल्हास नदीचं पाणी बदलापूरच्या खालच्या अंगाला शिरलं होतं, टेलिफोन मेले होते, आणि अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या खोलीत आई चूल न पेटवता भिंतीला टेकून बसली होती. संध्याकाळच्या सुमारास एक गोरा, टकला माणूस सायकल हातात धरून चाळीच्या तोंडाशी आला आणि बाबांचं नाव विचारू लागला. तो उल्हासनगर कॅम्प चारमधून चिखल तुडवत आला होता. हिंदी-मराठीची मिसळ करत त्याने सांगितलं की आत्या बदलापूरच्या शाळेत आहे, दोन्ही पोरं तिच्याजवळ आहेत, घर गेलं पण माणसं राहिली. बाबांनी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं? त्याने आभाळाकडे बोट केलं आणि हसला. शाळेच्या गच्चीवर त्याच्या हौशी रेडिओ क्लबचा एक जण बॅटरीवरचा वायरलेस सेट घेऊन बसला होता, आणि हा आपल्या दुकानाच्या माळ्यावरून त्याचे निरोप लिहून घेत होता. त्या माणसाचं नाव होतचंद. आईने त्याला चहा दिला आणि मग तोंडाला पदर लावून रडली.

बाबा अंबरनाथच्या रंगाच्या कंपनीत होते. अंगातून घाम निघायचा तोही पिवळा. उशीचे अभ्रे कितीही उकळले तरी पिवळेच राहत. बोलायला अगदी कमी. पण त्या दिवसानंतर त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसली ती बसलीच. पुढच्या रविवारी ते मला घेऊन होतचंदकाकांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, हे माझ्या पोरीला शिकवा. मी तेव्हा अकरावीत होते. मला रेडिओत काडीचा रस नव्हता, मला शिवणकाम शिकायचं होतं. ते राहून गेलं, आजही मला साधा काज नीट करता येत नाही.

खाली टेपरेकॉर्डर आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान, वर माळा, आणि माळ्यावर क्लब. आलेल्या माणसाला आधी पापड आणि पाणी, मग बाकीचं बोलणं. काका मोर्स शिकवायचे ते मोठे गमतीशीर. टिंब आणि रेघा मोजायच्याच नाहीत, म्हणायचे, मोजलंस तर मेलीस. ढोलकीचा बोल कसा कानात बसतो तसं अक्षर बसलं पाहिजे. मी घरी बझर आणला आणि आमच्या एका खोलीत त्याची पिरपिर सुरू झाली. आई तांदळाची भाकरी थापायची, स्टोव्ह भरभरायचा, शेजारच्या सुमनकाकू भिंतीवर हात आपटायच्या, आणि मी आपली कोपऱ्यात टुक्-टूऽक् करत बसायची. आई त्याला टिटवी म्हणायची. सुकटीला कांदा घालून परतता परतता ती म्हणे, तुझी टिटवी आज लंगडतेय गं. आणि खरंच त्या दिवशी माझा हात लंगडत असे. संध्याकाळी वंदनेच्या वेळी मात्र बझर बंद. वंदना झाली, मेणबत्ती विझली, की बाबा स्वतःच मानेने खूण करायचे, चालू कर.

मुंबईला जाऊन परीक्षा दिली, पास झाले, वायरलेस चालवायचा परवाना आला. बाबांनी तो चाळीतल्या प्रत्येक घरात नेऊन दाखवला. क्लबमध्ये मी एकटी मुलगी. मोर्समध्ये माझा हात चांगला होता, हे मी आज या वयात लाजून सांगणार नाही. क्लबचे अध्यक्ष उपासनी सर, कल्याणच्या कॉलेजातून निवृत्त झालेले, हळू आवाजात बोलणारे. माझ्या परीक्षेच्या अर्जावर शिफारस त्यांचीच होती. ते मला नेहमी ‘आमची सुजाता’ म्हणत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते कोणा राक्षसाने केलं नाही.

बदलापुरात एका जुन्या, जमीनदार घराण्याची भातगिरणी होती. गिरणी बंद पडल्यावर त्या घरातल्या अप्पासाहेबांनी तिथे संग्रहालय काढलं. पितळी दिवे, तलवारी, पालखीचा दांडा, डोंगरातल्या वाड्यांवरून गोळा केलेल्या कणग्या आणि उखळं, आणि त्यांच्या वडिलांनी विलायतेहून आणलेला एक भलामोठा वायरलेस सेट. संग्रहालयाच्या वाढदिवसाला तिथे खास स्टेशन चालवायचं असं क्लबने ठरवलं. हा प्रकार हौशी रेडिओवाल्यांत जगभर चालतो. एखाद्या जागेचा मान म्हणून थोड्या दिवसांपुरतं वेगळं नाव सरकारकडून मिळतं, त्या नावाने तिथून हाक घालायची, देशोदेशीचे लोक उत्तर देतात, आणि मग प्रत्येकाला आठवणीचं कार्ड पाठवायचं. आमचं कार्ड छापून आलं तेव्हा त्यावर गिरणीचं चित्र होतं. मी दोन कार्डं घरी नेली. आईने एक भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीखाली लावलं.

पहिला दिवस माझ्या तरुणपणातला सगळ्यात आनंदाचा दिवस म्हणता येईल असाच गेला. बांबूवर तार ताणली, मधल्या दालनात टेबल मांडलं, आणि मोर्सच्या किल्लीवर, म्हणजे टिंब-रेघा ठोकायच्या खटक्यावर, मी बसले. इकडून हाक गेली की तिकडून दहाजण एकदम तुटून पडायचे. रशियातला कोणी, जपानमधला कोणी. बघायला आलेल्या बायका पदर सावरत विचारायच्या, हे काय बोलतंय गं? मी सांगायचे, हा माणूस समुद्रावर बोटीतून बोलतोय. दुपारी सगळ्यांना अप्पासाहेबांच्या घरी पडवीत पानं मांडली होती. आळूचं फदफदं, वरणभात, कोशिंबीर. मीही त्याच पंगतीत जेवले. वाढणाऱ्या बाईंनी मला दोनदा आग्रह केला.

संध्याकाळी अप्पासाहेब टेबलाशी आले. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी. माझं कौतुक केलं. मग विचारलं, पूर्ण नाव काय तुझं? मी सांगितलं. अंबरनाथला कुठे राहता? मी वस्तीचं नाव सांगितलं. ते ‘छान, छान’ म्हणाले आणि पालखीच्या दांड्याकडे बघत पुढे गेले. मला काहीच वाटलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते आणि समोर जपान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर दालनातलं टेबल हललेलं. आमचा सेट गिरणीच्या मागच्या कोंड्याच्या खोलीत नेऊन ठेवला होता. गिरणी बंद होऊन वर्षं झाली तरी त्या खोलीच्या फटीफटीतून कोंडा गळत होता. बसल्या बसल्या मानेला खाज सुटायची. खोली आणि दालन यांच्यामध्ये फळ्यांची भिंत. दालनात, जिथे काल मी बसले होते, तिथे अप्पासाहेबांच्या वडिलांचा विलायती सेट घासूनपुसून मांडला होता. त्याच्यामागे एक स्पीकर लपवला होता, आणि त्याची तार फळीतून माझ्या सेटला जोडली होती. मी पाठवलेलं आणि समोरून आलेलं, दोन्ही दालनात ऐकू जाणार. विलायती सेटसमोर एक सुटी किल्ली स्क्रूने बसवली होती. ती कशालाही जोडलेली नव्हती. तिच्यासमोर अप्पासाहेबांचा पुतण्या ऋषिकेश बसणार होता, जॅकेट घालून, प्रमुख पाहुण्यांसाठी आणि वर्तमानपत्राच्या फोटोसाठी.

उपासनी सरांनी मला समजावलं की ही केवळ एक गंमत आहे. जुना सेट पुन्हा बोलतोय असं पाहुण्यांना दाखवायचं, बस. मी म्हटलं, मग त्या सेटसमोर मीच बसते, आत दुसरं कोणीही बसेल. सर म्हणाले, समोर घरचं माणूस असावं अशी अप्पासाहेबांची इच्छा आहे. मी विचारलं, क्लबमधल्या दुसऱ्या कोणी बसलेलं चाललं असतं का? सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“सुजाता, समजून घे,” ते म्हणाले. “ते जुन्या वळणाचे आहेत. आपण त्यांचं मन राखू.”

आता या गोष्टीला इतकी वर्षं झाली. मी बदलापुरातच राहते, त्या गिरणीपासून रिक्षेने फार तर दहा मिनिटांवर. संग्रहालय कधीच बंद पडलं, तिथे मंगल कार्यालय झालंय. मध्यंतरी शेजारणीच्या मुलीच्या लग्नाला गेले तर नवरीला जिथे बसवलं होतं ती नेमकी कोंड्याची खोली. टाइल्स, एसी, आरसे. मी अक्षता टाकल्या आणि न जेवता घरी आले. माझी नात म्हणते, आजी, सोड ना, किती जुनं झालं. पण ‘आपण त्यांचं मन राखू’ हे वाक्य आठवलं की आजही माझ्या कानशिलात रक्त चढतं. ‘आपण’ म्हणजे कोण? त्या ‘आपण’मध्ये सरांनी मलाही धरलं होतं. माझा अपमान करायला त्यांना माझीच मदत हवी होती, आणि तीही समंजसपणे.

मी उठून का नाही गेले, असं मला पुष्कळांनी विचारलंय. बाबा तिसऱ्या दिवशी येणार होते. त्यांनी कंपनीतून सुट्टी काढली होती, आत्याला कळवलं होतं, आणि सगळ्या चाळीला सांगितलं होतं की माझी मुलगी जगाशी बोलते ते बघायला या. मी गेले तर त्यांना काय सांगू? म्हणून मी कोंड्यात बसले. दुपारी सगळे पडवीत जेवायला गेले तेव्हा माझं जेवण कागदाच्या पुड्यात खोलीत आलं. आणणाऱ्या मुलाने ते उंबऱ्यावर ठेवलं. मी ते उघडलं नाही.

चार वाजता पाहुणे आले. मुंबईचे कोणी बडे अधिकारी, बरोबर त्यांच्या पत्नी. फळ्यांमधल्या फटीतून मला दालन दिसत होतं. क्लबची सगळी माणसं भिंतीला लागून ओळीने उभी, होतचंदकाका शेवटी. अप्पासाहेबांनी जुन्या सेटचा इतिहास सांगितला. मग सर आत आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, चांगलं स्पष्ट स्टेशन पकड, सावकाश पाठव, आणि नाव विचारलं तर ऋषिकेश पाठव.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, माझ्या हाताने त्याचं नाव? सर म्हणाले, एवढ्यातेवढ्याने काय होतं, आणि बाहेर गेले.

मी हाक घातली. श्रीलंकेतल्या एकाने उत्तर दिलं. हात संथ आणि वळणदार. म्हातारा माणूस असावा. तुमचं स्टेशन छान ऐकू येतंय, त्याने पाठवलं, तुमचं नाव काय? दालनातल्या स्पीकरमधून ती अक्षरं घुमली. फटीतून दिसलं, ऋषिकेश मेलेल्या किल्लीवर बोट ठेवून तयार होता.

मी वेग कमी केला. इतका कमी, की परवा परवा शिकायला लागलेल्यालाही एक अक्षर सुटू नये. मोर्समध्ये आमचं बोलणं इंग्रजीतून चाले. मी पाठवलं: माझं नाव सुजाता. समोर बसलेला मुलगा ऑपरेटर नाही. माझ्या जातीमुळे मला भिंतीमागे बसवलं आहे.

अक्षर अक्षर करत ते सगळं दालनात वाजलं. भरल्या सभेत मी ओरडून सांगितलं असतं तरी एवढं मोठं झालं नसतं. पाहुणे कौतुकाने मान हलवत होते. ऋषिकेश माझ्या तालावर बोट आपटत होता, माझीच जात बडवत होता आणि फोटोवाल्याकडे बघून हसत होता. अधिकाऱ्यांच्या पत्नीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. त्या दालनात ज्यांना मोर्स येत होतं ते सगळे आमच्या क्लबचे होते. प्रत्येकाला प्रत्येक अक्षर कळलं होतं. मी त्यांचे चेहरे एकेक करून पाहिले. खजिनदार छताकडे बघत होते. शाळेच्या गच्चीवरून ज्याने आत्याचा निरोप पाठवला होता, तो घड्याळाला चावी देत होता. होतचंदकाका स्वतःच्या चपलांकडे बघत होते. आणि मग, खोटं कशाला सांगू, हे सगळे टाळ्या वाजवू लागले.

तिकडून आलं: पुन्हा पाठवा. त्याला विश्वास बसला नसावा. मी पुन्हा तेच पाठवलं, तितक्याच सावकाश. थोडा वेळ नुसती खरखर. मग त्या म्हाताऱ्याचा हात आला: सुजाता, तुमचं सगळं नीट पोचलं. पुढे बोला, मी ऐकतोय.

मी किल्लीवर हात ठेवला तेवढ्यात सरांनी आत येऊन सेटचं बटण बंद केलं. दालनात आवाज तुटला. पण ऋषिकेशला त्याचा पत्ता नव्हता. तो पुढे किती तरी वेळ बोट आपटत राहिला, मुकाट किल्लीची लाकडावर खटखट, आणि मागे उभी असलेली शाळेची पोरं फिदीफिदी हसायला लागली.

सर घामाघूम झाले होते. ते म्हणाले की हवेवर वैयक्तिक गाऱ्हाणी मांडायची नसतात, नियम आहे, क्लबचा परवाना जाईल. नियम खरोखरच तसा होता. मी त्यांना विचारलं, “मी पाठवलं त्यात काय खोटं होतं, सर?”

“खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही,” ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारून बाहेर पडले आणि दालनात गेले. केसांत कोंडा, कपड्यांवर कोंडा. मी त्या पाहुण्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की तो सेट बंद आहे, किल्ली कशालाही जोडलेली नाही, आवाज माझा होता आणि मी त्या फळ्यांच्या मागे होते. माझा आवाज कापत होता, याचा मला अजून राग येतो. पाहुणे अप्पासाहेबांकडे बघू लागले. अप्पासाहेब जरासुद्धा हलले नाहीत. अतिशय मायेने, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले की सकाळपासून उपाशी आहे बिचारी, तिला बरं वाटत नाहीये, कोणी तरी तिला घरी सोडा. शिवी दिली असती तर मला उलट शिवी देता आली असती.

मला घरी सोडायला कोणीही आलं नाही. मी चालत रेल्वे स्टेशन गाठलं.

घरी आई दुसऱ्या दिवसासाठी बाबांचा सदरा इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. बाबा ऐकत असताना हात धूत होते, आणि मी बोलायची थांबले तरी धूतच राहिले, जसा काही तो पिवळा रंग त्या दिवशी निघणारच होता. मग त्यांनी टॉवेल फेकला आणि चप्पल पायात घातली. आई दारात आडवी उभी राहिली.

“तिथे जाऊन एक तर हात जोडाल, नाही तर गळा धराल,” ती म्हणाली. “मला दोन्ही नको.”

बाबा तसेच चपलांसकट खाली बसले. आमच्या घरात त्या दिवशी कोणी जेवलं नाही. बुद्धाच्या तसबिरीखालचं कार्ड आईने काढलं आणि स्टोव्ह पेटवायला वापरलं.

दोन दिवसांनी पेपरात फोटो आला. ऋषिकेश, जॅकेट, विलायती सेट, खाली ओळ की तरुणाने आजोबांच्या यंत्राला पुन्हा वाचा दिली. क्लबने बैठक घेऊन मला वर्षभरासाठी दूर केलं, कारण नियमभंग. ठरावाला कोणी विरोध केला नाही असं मला नंतर समजलं. माझा स्वतःचा परवाना मात्र माझ्याजवळ होता, तो कोणाच्या बापाचा नव्हता. बाबांनी चाळीच्या गच्चीवर बांबू उभा केला. जुने सुटे भाग जमवून मी वर्षभरात सेट उभा केला आणि पुढे तीस-बत्तीस वर्षं त्यावरून बोलले. श्रीलंकेचा तो म्हातारा मात्र मला पुन्हा कधी सापडला नाही. मी पुष्कळ शोधला.

होतचंदकाका आले ते ठराव झाल्यानंतरच्या रविवारी. हातात स्टीलचा डबा, त्यात काकींनी केलेल्या गरम कोकी, सिंधी लोकांच्या जाड, खमंग पोळ्या. कांदा-मिरचीचा वास खोलीभर पसरला. आईने चटई टाकली, पाणी दिलं. बाबा काहीतरी निमित्त काढून बाहेर निघून गेले. काका बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. दुकानात गिऱ्हाईक नाही, गुडघा दुखतो. मी त्यांना विचारलं, तुम्हाला कळलं होतं ना मी काय पाठवत होते ते?

“कळलं होतं,” ते म्हणाले. “एकेक लेटर.”

“मग?”

त्यांनी डब्याच्या झाकणावरून बोट फिरवलं. हा माणूस एकदा चिखल तुडवत आमच्या दारात आला होता, आणि त्याच्याकडून मला खोटं उत्तर नको होतं. त्यांनी ते दिलंही नाही.

“मेरे को लगा बेटा,” ते म्हणाले, “कोई ना कोई उठेल.”

“मलाही तसंच वाटलं होतं, काका,” मी म्हटलं.

ते उठले आणि डबा तिथेच ठेवून गेले. कोकी आईने शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तिने तो डबा राखेने घासला, धुतला, पुसला. आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखरेचे चार दाणे का होईना, घालतात. मी साखरेची बरणी खाली काढली. आईने ती माझ्या हातातून घेतली, परत फळीवर ठेवली, आणि रिकाम्या डब्याला झाकण लावून म्हणाली, जा, देऊन ये.